फटफटीच्या वाटीतला तांदूळ

मामंजी,

सकाळी सेफ्टी पिन शोधायला खालचा खण ओढला, तर पिनेऐवजी तुमचा स्क्रूड्रायव्हर हाताला लागला. तोच, लाकडी मुठीचा, टोकाशी काळा पडलेला. मुठीवरच्या तुमच्या दातांच्या खुणा अजून तशाच आहेत. मुलाने लहानपणी एकदा विचारलं होतं, "आई, आजोबा दातांनी स्क्रू पिळायचे का गं?" मी हसून वेळ मारून नेली होती. त्या खुणा कशाच्या हे माहीत असलेली माणसं एकेक करून गेली. आधी तुम्ही, मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि गेल्या वर्षी तुमचा मुलगाही. आता मीच उरले. नात पाळण्यात झोपली आहे. एक हात पाळण्याच्या कडेवर ठेवून लिहिते आहे, म्हणून कागद सरकतोय आणि अक्षर वाकडं येतंय. आम्ही आता वाकडला राहतो, उंच इमारतीत. तुमच्या वेळी इथे नुसती ज्वारीची रानं होती, तुम्हाला दाखवलं तर तुम्ही मला खुळ्यात काढाल. गॅलरीतून थेरगावची बाजू दिसते, पण आपलं घर कुठे होतं ते आता बोट दाखवून सांगता येत नाही.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा आईने निघताना एकच गोष्ट कानात सांगितली होती. "सासऱ्याम्होरं आवाज चढवू नगं. हळू बोलायचं, खाली बघून बोलायचं." राजगुरुनगरच्या पलीकडचं आमचं गाव, तिथे सून म्हणजे अशीच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, वर्गात मोठ्याने धडे वाचणारी पोरगी, पण आईच्या त्या बोलण्याचा मी इतका धसका घेतला की तुमच्यासमोर माझा आवाज चढायचाच नाही. "मामंजी, चहा ठेवू की जेवायलाच वाढू?" असं मी चुलीकडे बघत पुटपुटायचे आणि तुम्ही म्हणायचात, "व्हय, व्हय." आता यातून माणसाने काय समजायचं? मी चहा ठेवायचे. तुम्ही पाटावर येऊन बसायचात. मग माझी धांदल, चहाचं आधण उतरव, तवा चढव, आणि आत्याबाई पलीकडून म्हणायच्या, "आगं, त्येंचं आसंच हाय. डोकं कंपनीत ठिऊन घरी येत्यात." घरात सगळ्यांची हीच समजूत होती की तुम्ही अबोल आहात, आपल्याच तंद्रीत असता. गल्लीत जरा वेगळं बोलायचे. मोठ्या कंपनीत इंजिन तपासायला आहे म्हणून शेफारलाय, मागून हाक मारली तर वळून बघत नाही.

ती विंचवाची दुपार तुम्हाला आठवते का? मला तर ती आत्ता समोर दिसते. तुम्ही पहिली पाळी करून आलेले आहात, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कसले कसले सुटे भाग मांडून बसले आहात. मी मागे दोरीवर धुणं वाळत घालते आहे. तुमच्या उजव्या हाताशी तेलकट फडकं पडलंय आणि त्याच्या घडीतून विंचू बाहेर येतोय. मी म्हणते, "मामंजी, विंचू." तुम्ही हलत नाही. मी पुन्हा म्हणते, "मामंजी." जीव घाबरा झालाय आणि आवाज काही केल्या चढत नाही. तुमचा हात फडक्याकडे जाऊ लागतो तेव्हा मी हातातलं ओलं लुगडंच त्यावर फेकते. तुम्ही दचकता, लुगडं उचलता, विंचू बघता, चपलेने मारता. आणि मग माझ्यावरच उखडता. "तोंड न्हाई का तुला? सांगायचं न्हाई व्हय?"

त्या घरात मला बसलेली ती पहिली बोलणी, आणि तीही अशी. माझे डोळे भरून आले. मग कसं सुचलं कोण जाणे, मी मान वर करून सरळ तुमच्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. "मी दोनदा सांगितलं." आवाज अजिबात काढला नव्हता, नुसते ओठ. तुम्ही तावातावाने म्हणालात, "दोनदा सांगितलं तर मोठ्यांदा सांगायचं!" मी तशीच उभी राहिले. पुन्हा नुसते ओठ हलवून म्हणाले, "मामंजी, मी आत्ता आवाजच काढला नाही." तुमच्या हातातली चप्पल खाली पडली. तुमचा चेहरा इतका उतरला की मला माझीच भीती वाटली, हे मी काय करून बसले म्हणून. तुम्ही आत बघितलंत, आत्याबाई निजल्या आहेत याची खात्री केलीत आणि हलक्या आवाजात म्हणालात, "कुनाला बोलू नगं, पोरी. पाया पडतो तुज्या." सासऱ्याने सुनेला असं म्हणायचं असतं का? मी मान डोलावली.

हळूहळू तुम्ही सगळं सांगितलंत. कंपनीत बनलेलं प्रत्येक इंजिन गाडीवर चढण्याआधी तुमच्या समोर चालायचं. आवाज ऐकून तुम्ही ठरवायचात. ठीक असलं की त्यावर खडूने खूण करायची, नसलं की बाजूला काढायचं. त्या खोलीत दिवसभर इतका गडगडाट की वर्षानुवर्षांत कान हळूहळू गेले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकापोरांचं बोलणं. "मग आता कसं करता?" मी विचारलं. तुम्ही हा स्क्रूड्रायव्हर उचललात, त्याचं टोक ओट्यावरच्या फटफटीच्या इंजिनाला टेकवलंत आणि मूठ दातांत धरलीत. "असं. जे कानाला येत न्हाई ते दाताला येतंय. आन तळहाताला." मग तो खाली ठेवून म्हणालात, "पर हाताला आजून शाळा पायजे. कान नसंल तर हात खरं बोलतोय का खोटं, कसं कळायचं? तू माजं कान व्हशील का?" कंपनी काढून टाकेल याची भीती तुम्हाला होतीच. पण तुमच्या मनात खरी बोचत होती ती दुसरीच गोष्ट. "माज्या खडूची खूण आसलेल्या इंजिनानं घाटात दगा दिला तर? डायवर बिचारा म्हनंल, तपासलेलं हाय, काय व्हनार न्हाई." हे तुम्ही अनेकदा म्हणायचात, भाकरी मोडता मोडता मध्येच थांबून.

त्या शाळेसाठीच ती फटफटी होती. जुन्या बाजारातून आणलेली, जुन्या काळची, टाकीवरचा रंग पार उडालेला. गल्लीला वाटायचं, म्हातारा हौसेने दुरुस्त करतोय, एक दिवस बसून फिरायला जाईल. खरं तर ती आणल्यावर दोन-चार आठवड्यांतच चालू झाली होती. तुम्ही ती रोज मुद्दाम बिघडवायचात, नाहीतर मला बिघडवायला सांगायचात. तुम्ही पाळीला गेलात की मी पदर खोचून कुठे वायर ढिली कर, कुठे पेट्रोलचा नळ अर्धा बंद कर, कुठला नट अर्धा आटा सैल सोड, असं करून ठेवायचे. तुम्ही आल्यावर किक मारायची, दातांत मूठ धरायची आणि काय बिघडलंय ते ओळखायचं. शेजारचे भाऊ रोज सायकलवरून जाताना ओरडायचे, "काय राव, कवा चालू व्हनार तुमची फटफटी? आमी म्हातारं झालो बगून बगून!" मी आतून चडफडायचे. अख्ख्या कंपनीची इंजिनं पास करणारा माणूस, आणि गल्लीत त्याचं नाव झालं ते एक फटफटी धड करता न येणारा म्हणून. तुम्हाला मात्र त्याचं काही नव्हतं. ऐकूच येत नव्हतं म्हणा.

आत्याबाईंना हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. सुनेने सासऱ्यापाशी बसून इंजिनात हात घालायचे, हातांना काळं लावून घ्यायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तुम्ही त्यांना सांगितलंत, "डोळं बारीक झाल्यात माजं, पाना हातात द्याया कोनतरी पायजे." तुमचा मुलगा दुसऱ्या कंपनीत फिरत्या पाळीवर, तो एकतर झोपलेला नाहीतर गेलेला. म्हणून मीच. मला इंजिनातलं एक अक्षर कळत नव्हतं. आवाज कसा आहे हे मी माझ्याच भाषेत सांगायचे. जात्यात खडा आल्यासारखा. भाकरी तव्यावर टाकल्यावर चर्र होतं तसा. उखळात मिरची कांडताना मुसळ कडेला लागतं तसा. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत ते पाठ करायचात आणि मग दातांनी, तळव्याने ते पुन्हा चाचपायचात. कंपनीत म्हणे तुम्ही एका मदतनिसाला सांगितलंत, "ह्यो खड्यावानी आवाज हाय, जात्यातल्या," आणि तो पोरगा दिवसभर हसत सुटला.

मी मात्र हसत नव्हते, मामंजी. मला तेव्हा चोवीस तास धाकधूक. तुम्ही सायकलने जायचात, नदी ओलांडून, मग मोठ्या रस्त्याने. मागून ट्रक हॉर्न देत येतात आणि माझ्या सासऱ्यांना ते ऐकू येत नाहीत, हे त्या घरात फक्त मला माहीत. पाळी सुटायच्या सुमाराला मी उगाच अंगण झाडायला घ्यायचे. तुमची सायकल वळणावर दिसली की जीव भांड्यात पडायचा. पाहुणे आले की मी तुमच्या समोर बसायचे, म्हणजे कोण काय बोललं ते ओठांनी पोचवता येईल. आत्याबाईंनी एकदा हटकलंही, "पावण्यांसमोर काय गं तोंड हलवत बसतीस शेळीवानी?" मी म्हटलं, सुपारी. मला सुपारी आवडतही नव्हती, पण नंतर चघळावी लागली.

मला वाटायचं, घरीच इतकं सांभाळायला लागतं तर कंपनीत तुम्ही कसे निभावत असाल? ते खंडेनवमीला कळलं. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. सकाळी घरातली पूजा झाली. आत्याबाईंनी विळी, कोयता, सायकल, सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. तुमच्या फटफटीचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळते तो भाग, तुम्ही आदल्या दिवशी धुऊन उघडाच पाटावर ठेवला होता. त्याची वाटी, नळ्या, स्क्रू, प्रत्येकावर त्यांनी फूल ठेवलं आणि कुंकवाच्या अक्षता टाकल्या. फटफटीवर त्यांचा राग, पण पूजेत त्यांनी कसूर केली नाही. मग आम्ही ठेवणीतली लुगडी नेसून कंपनीत गेलो. मशिनींना झेंडूच्या माळा, फरशी धुतलेली, उदबत्त्यांचा वास. तुमच्या खोलीत तुमचा एक जोडीदार मला कौतुकाने सांगू लागला, "सूनबाई, आज शांत हाय म्हनून. एरवी हितं कुनाला कुनाचं ऐकू येत न्हाई, समदं हातवाऱ्यानं." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एरवी तिथे सगळेच बहिरे होते, म्हणून तुम्ही लपून जात होतात. वर्षातून हाच एक दिवस सगळं बंद असायचं. हाच तुमचा धोक्याचा दिवस होता.

आणि तसंच झालं. तुम्ही एका इंजिनाच्या माळेची गाठ नीट करत होतात, पाठमोरे. मोठे साहेब मागून आले आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली. पुन्हा मारली. त्या शांततेत ती हाक भिंतीवर आपटून परत आली. तुम्ही गाठ सारखी करताय. सासऱ्याला सुनेने चारचौघांत हाक कशी मारायची? माझ्या हातात प्रसादाच्या पेढ्यांचं ताट होतं. मी ते सोडून दिलं. मला वाटलं गडबड होईल, साहेब माझ्याकडे बघतील, तेवढ्यात तुम्ही वळाल. ताट फरशीवर असं खणाणलं की सगळी खोली दचकली. आत्याबाई किंचाळल्या. साहेबही चमकले. फक्त तुम्ही दचकला नाहीत. सगळ्या माणसांत एकटे तुम्ही शांतपणे गाठ बांधत उभे. मग एक पेढा घरंगळत तुमच्या पायाशी आला, तो बघून तुम्ही वळलात आणि उशिरा, सगळ्यांच्या कितीतरी नंतर, हसलात. साहेब नुसते तुमच्याकडे बघत राहिले. ती नजर मी पुढे कित्येक दिवस भांडी घासताना, कणीक मळताना बघत होते.

त्या संध्याकाळी तुम्ही कार्ब्युरेटरवरची फुलं काढलीत, फुंकर मारलीत, फडक्याने तो पुसलात आणि बसवून टाकलात. दसऱ्यानंतर फटफटीला काहीतरी झालं. तुम्ही किक मारलीत, दातांत मूठ धरलीत, वेग वाढवलात आणि म्हणालात, "पेट्रोल आडतंय." मी काहीच बिघडवलं नव्हतं. मी कान देऊन ऐकलं. आवाज स्वच्छ. मी मान हलवली, "नाही मामंजी, चांगली चालतेय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुम्ही म्हणायचात, "दम आडकतोय तिचा, मधीच, जरासाच," आणि मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तुम्ही जेट, म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं तो बारीक भोकाचा स्क्रू, काढून उजेडात धरलात, त्यात फुंकर मारलीत, ते स्वच्छ होतं. वाटी उघडली नाहीत. ती नुकतीच धुतलेली, पूजेला लावलेली, तिच्यात काय असणार? कधी तुम्हाला ते जाणवायचं, कधी नाही. एकदा तुम्ही स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलात आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसलात, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. "हात बी खोटं बोलाय लागला, पोरी," म्हणालात. मला रडू फुटलं. माझे कान धड होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून तुमचे हात खोटे ठरत होते. पण तेव्हा हे मला कुठे ठाऊक?

मग एका सकाळी डबा हातात घेताना तुम्ही सांगितलंत, अगदी सहज, भाजी आणायला जातो म्हणावं तसं, "आज सायबाला सांगून टाकतो." मी ओठ हलवत राहिले. थांबा, अजून थोडे दिवस, पुन्हा एकदा तपासू. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीत. बघितलं नाही की माझं बोलणं बंद, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. सायकलवर टांग टाकून निघून गेलात.

मला घरात चैन पडेना. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी ओट्यावर आले, बसले, उठले. हातांना काम हवं म्हणून पाना घेतला आणि जे तुम्ही उघडलं नव्हतं ते उघडलं. वाटी सोडवली. तिच्यातलं पेट्रोल वर्तमानपत्रावर ओतलं. कागद ओला झाला, वास भपकन आला आणि त्या डागाच्या मधोमध एक तांदळाचा दाणा. एकच. कुंकू बरंचसं धुपलेलं, फिकट गुलाबी राहिलेला. मी तो चिमटीत धरला आणि मला सगळं दिसलं. इंजिन हळू चालताना हा पठ्ठ्या वाटीच्या तळाशी निवांत पडून राहणार. वेग वाढला, पेट्रोल जोरात ओढलं गेलं, की जाऊन भोकावर बसणार, क्षणभर, जरासाच. वेग उतरला की पुन्हा तळाशी. एवढुसा अडथळा माझ्या तरण्या कानांना कळला नाही. तुमच्या दातांना कळला होता. प्रत्येक वेळी, मामंजी, प्रत्येक वेळी तुम्ही बरोबर होतात.

कंपनीच्या फाटकापर्यंत धावत जावं असं दहादा मनात आलं. पण जाऊन सांगणार कुणाला, काय? सुनेने रस्त्याने पळत जायचं, हातात तांदूळ घेऊन? आणि तुम्ही अजून बोललाच नसाल तर माझ्या जाण्यानेच सगळं उघडं पडायचं. दिवसभर मी त्या दाण्याला वाटीखाली झाकून बसले. स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. तुमची सायकल वळणावर दिसली तेव्हा मी ओट्यावरून उतरले, अंगणातून रस्त्यावर गेले, पदर डोक्यावर आहे की नाही याचं भान नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासमोर ओरडले. "मामंजी! वाटीत तांदूळ होता! हात खरा होता तुमचा!" शेजारचे भाऊ दाढी अर्धी टाकून बाहेर आले. देवळातून आलेल्या आत्याबाई दारात थिजल्या. त्यांना वाटलं सुनेला काहीतरी झपाटलं.

तुम्हाला ऐकू आलं का ते? मी कधी विचारलं नाही. तुम्ही सायकल भिंतीला लावलीत, मी पुढे केलेल्या हातावरचा दाणा बघितलात, बोटाने उलटापालटा केलात, आणि हसायला लागलात. हसता हसता डोळ्यांतून पाणी. आत्याबाईंना सगळं उलगडून सांगावं लागलं, कान, दात, फटफटी, सगळं. त्या मटकन खाली बसल्या. "माज्या अक्षता? माज्या अक्षतांनी तुमचं काम घालवलं?" तुम्ही त्यांच्या शेजारी टेकलात. "आगं, तुज्या अक्षतांनी माजं लगीन लावलं. आज सुटका बी केली त्येंनीच."

तुम्ही साहेबांना सकाळीच सांगून मोकळे झाला होतात. साहेब म्हणाले होते, मला खंडेनवमीलाच शंका आली होती, तुम्ही स्वतः बोलताय का याची वाट बघत होतो. काढून टाकलं नाही, स्टोअरमध्ये पाठवलं, जिथे सुटे भाग मोजून द्यायचे. मी हट्टाला पेटले. उद्या जा, म्हटलं, दाणा घेऊन जा, हात खरा आहे हे दाखवा. आता मी मोठ्यानेच बोलत होते, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्ही मान हलवलीत. "हात खरा हाय, ब्येस हाय. पर कान न्हाई हे बी खरं हाय. आन तू 'न्हाई' म्हनालीस, तवा मी माज्या हाताला खोटं पाडलं. त्या इंजिनापाशी उद्या कुनी 'न्हाई' म्हनलं, तर मी पुन्हा पाडीन." मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणालात, "आज येताना लई दिसांनी मागं कोन हाक मारतंय का ह्याचं भ्या वाटलं न्हाई. मारली तर मारली. त्याला सांगायचं, मला ऐकू येत न्हाई." त्या दिवशी तुम्ही अंधार पडायच्या आत झोपलात आणि घोरलात. आत्याबाई म्हणाल्या, कितीतरी वर्षांत हे असे झोपले नव्हते.

स्टोअरमध्ये तुम्हाला करमलं नाही, हे मला माहीत आहे. इंजिनाची सवय असलेल्या माणसाला नट-बोल्ट मोजत बसणं म्हणजे शिक्षाच. पण तुमचा चेहरा सैल झाला. शेजारचे भाऊ तुमच्या समोर येऊन, तोंड नीट हलवून बोलायला शिकले. आणि मी तुमच्याशी ओरडून बोलायला. गल्लीला सवय झाली की ही सून सासऱ्यावर ओरडते आणि सासरा हसतो. फटफटी तुम्ही पुन्हा कधी बिघडवली नाहीत. एका रविवारी आत्याबाईंना मागे बसवून चिंचवडपर्यंत जाऊन आलात, मी घरी काळजीने अर्धी झाले. हा स्क्रूड्रायव्हर तुम्ही मलाच दिलात. "ठेव," म्हणालात.

आता का लिहिते आहे ते सांगते. मामंजी, मला ऐकू कमी येतंय. गेल्या दिवाळीपासून असेल, कदाचित आधीपासून. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या, मग दाराची बेल. मुलगा आणि सून दोघंही कामाला जातात, दिवसभर नात माझ्या ताब्यात. त्यांना सांगितलं तर ते काही वाईट बोलणार नाहीत, कानाला यंत्र लावू म्हणतील. पण तोवर, किंवा त्यानंतरही, पोरीला माझ्याजवळ ठेवायला त्यांचा जीव होईल का? ती पाळणाघरात जाईल आणि मी या घरात काय करू? म्हणून मी तिच्यापासून हलत नाही. दुसऱ्या खोलीत गेले तर दर मिनिटाला येऊन बघते. पाळण्यावर हात ठेवते. तिचं अंग हललं तर कळतं. खडूची खूण करून सोडलेल्या इंजिनाचं तुम्ही जे म्हणायचात ते मला आता रोज आठवतं. तिची आई सकाळी निघताना मला बघते आणि निर्धास्त जाते.

आज हा स्क्रूड्रायव्हर हाताला लागला तेव्हा मी एक वेडेपणा केला. पोरगी झोपेतून कुरकुरायला लागली होती, तोंड वेडंवाकडं करत होती. मी टोक पाळण्याच्या दांडीला टेकवलं आणि मूठ दातांत धरली, तुमच्याच खुणांवर. काहीच आलं नाही. तिचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, गाल लाल, आणि माझ्या दातांत काही नाही. रडणं दातांना कळत नाही, मामंजी. मी तिला उचलून घेतलं आणि तिच्यापेक्षा जास्त मीच रडले.

सांगायला हवं. ते तुमच्याकडे बघूनच मला कळलेलं आहे. आता एवढं लिहून होत होतं तोच सून आली. नात झोपली आहे म्हणून दारातूनच, चपला काढता काढता, अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. तोंड पलीकडे होतं, ओठ दिसले नाहीत. मी म्हटलं, "हो, हो."